उ: जुनी डिझेल बस चढावर दम सोडते
सकाळी स्टार्ट होत नाही, ठाण्याजवळच्या गायमुखच्या चढावर दम सोडते, एवढ्यावरून डिझेल पंप कॅलिब्रेशनला (मोजमाप करून सेट करायला) देऊ नका, दादा. आधी डिझेलच्या लाइनमध्ये हवा कुठून शिरते ते शोधा. सक्शन लाइनला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पाइपला, चीर गेली की इंजिन चालू असताना डिझेल गळत नाही, उलट हवा आत खेचली जाते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं. फीड पंपाआधी (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाआधी) वीतभर पारदर्शक डिझेल पाइप लावा आणि बुडबुडे येतात का बघा. आले तर बॅन्जो बोल्टचे (डिझेल पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर नवेच टाका. जुने आवळून चालवणं मला अजिबात पटत नाही. सील व्हायटॉनचे (डिझेलला टिकणाऱ्या रबराचे) मागा, २०२० पासूनच्या १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग) गंधकाच्या डिझेलमध्ये जुनी रबरं आकसू शकतात. डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर जरूर बसवा, पण टाकी उतरवून धुतल्यावरच.