दात पांढरे केल्यावरची ती सणक: तुमचं काय झालं होतं?

फुटाळ्याची_पोरगी
काल गोकुळपेठ बाजारातून मृग बहाराची संत्री आणली. पहिली फोड तोंडात टाकली नि वरच्या दोन दातांना हलकीशी शिवशिव झाली. एवढ्याशानं मला माझं लग्न आठवलं.

डिसेंबर २०१७. फोटोत दात चहाच्या रंगाचे दिसू नयेत म्हणून डॉक्टरकडून ट्रे आणि जेल आणलं. दोन तास लावायचं नि काढायचं, असं सांगितलं होतं. मी म्हटलं, दोन तासांत एवढं, तर रात्रभरात किती! चार रात्री तसंच लावून झोपले. पाचव्या सकाळी नळाच्या पाण्यानं चूळ भरली आणि अशी कळ गेली की बेसिन धरून खालीच बसले. बाकी वेळी काही नाही, पण तोंडानं श्वास घेतला की सणक. त्यात नागपूरची थंडी आणि स्कूटीवर पत्रिका वाटत फिरायचं. पोरी उन्हासाठी तोंडाला स्कार्फ बांधतात, मी दातांसाठी बांधला.

जेल बंद, कोमट पाणी, मऊ ब्रश, सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट. हळदीपर्यंत उतरलं. पण मधले दिवस मी दात गेलेच धरून चालले होते, आणि घरात सांगायची सोय नव्हती. सांगा तुमचंही.

तर्री_जास्त
हाव ना! मला दुसऱ्याच दिवशी सासुरवाडीत सावजी. रस्सा गरम, वरून पाणी फ्रीजचं. डोळ्यातून पाणी आलं तर सासरे म्हणे, जावईबापूंना तिखट झेपत नाही. आजपर्यंत तेच ऐकून राहिलो.

मी_नाही_त्यातली
😂😂 सांगायचं ना मग

तर्री_जास्त
काय सांगू, दात पांढरे करून आलो म्हणून? त्यापेक्षा तिखट बरं.

खर्रा_सोडला_म्हणे
माझे दात खर्ऱ्यानं कथ्थई झाले होते. डॉक्टर म्हणे आधी नुसती सफाई करू, मग पाहू. सफाईतच अर्धे उजळले, पुढचं केलंच नाही. थंड मात्र तेवढ्यानंही लागत होतं चारपाच दिवस.

मोठी_वहिनी
आमच्याकडे मीठ-लिंबू चोळतात. पैसे कशाला घालवता.

दाढेचा_डॉक्टर
वहिनी, हात जोडतो, लिंबू नका चोळू. आंबटानं दाताचं वरचं कवच झिजतं, मग आयुष्यभर थंड लागते.

दोन पेशंटच्या मधात लिहून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या. जेलमध्ये पेरॉक्साइड असतं. ते कवचातून झिरपत आतल्या नसेपर्यंत जातं आणि नस काही दिवस चिडते. दात कमजोर झाला असं नाही. बहुतेकांचं थांबवल्यावर दोनचार दिवसांत जातं. धागाकर्तीनं केलं ते मात्र करू नका, सांगितलेली वेळ पाळा. झोंबलं तर एक दिवसाआड लावा. ट्रेमध्ये जेल ठासून भरू नका, बाहेर येऊन हिरडी भाजते. पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दोन आठवडे आधीपासून सुरू करा, तिचा असर लगेच येत नाही. घासून झाल्यावर नुसतं थुंका, खळखळून धुऊ नका. एकाच दाताला आपोआप ठणका असेल, रात्री झोपू देत नसेल, तर ती कीड किंवा चीर असू शकते. दाखवा.

खर्रा_सोडला_म्हणे
पोटॅशियम नायट्रेट म्हणजे सोराच ना डॉक्टर? फटाक्याच्या दारूतला?

दाढेचा_डॉक्टर
तोच. पण पेस्टमध्ये ५ टक्के असतो, तोंडात फुटत नाही.

मी_नाही_त्यातली
माझा पुढचा एक दात कॅपचा आहे. बाकीचे उजळले, तो तसाच पिवळट राहिला!! कॅपवर जेल चालत नाही हे करणाऱ्यानं आधी सांगावं की नाही? आता हसताना ओठ त्या बाजूला ओढते. शिवशिव परवडली.

मोठी_वहिनी
अगं दिसत नाही एवढं. त्या दिवशी भेटलीस तेव्हा माझ्या तर लक्षातही आलं नाही. ते जाऊ दे, लेकीचा निकाल लागला का?

मी_नाही_त्यातली
पुढच्या आठवड्यात 🙏 उपास धरलाय

कूलर_बंद_आहे
मी घाबरून केलंच नाही. मे महिन्यात ४५ डिग्रीत माठातलं पाणी पिता येणार नसेल तर पांढरे दात घेऊन काय करू.

फुटाळ्याची_पोरगी
डॉक्टर, कान पकडले. मग संत्री बंद का आता?

दाढेचा_डॉक्टर
नागपुरात राहून? खा. फक्त खाल्ल्या खाल्ल्या ब्रश करू नका, अर्धा तास थांबा. वर साधं पाणी प्या.

तर्री_जास्त
डझन कसे मिळाले?

फुटाळ्याची_पोरगी
भाव नको विचारूस, बारीक आहेत पण गोड. आईनं अर्धी शेजारी वाटली.

मोठी_वहिनी
उरली असतील तर चार ठेव, संध्याकाळी येऊन राहिली मी.