व्ही-वननंतर विमान उचललंच नाही तर?
टेकऑफच्या वेळी इंजिन बंद पडण्याचीच धास्ती सगळ्यात मोठी, असं म्हणतात, पण मला ते तितकंसं पटलं नाही. तो प्रसंग सिम्युलेटरमध्ये इतका घोटून घेतात की हातपाय आपसूक चालतात. व्ही-वन म्हणजे ज्या वेगानंतर टेकऑफ रद्द करायचा नसतो तो वेग; त्याची हाक आली की कॅप्टन थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा हातच काढतो. आता थांबायचं नाही, उडायचंच. पण नाकच वर येईना तर?

८ मार्च २०१७ ला मिशिगनमधल्या विलो रन विमानतळावर एका एमडी-८३ प्रवासी विमानाचं नेमकं हेच झालं. उभं असताना सोसाट्याच्या वाऱ्याने एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा हलता भाग, अडकून बसला होता, आणि नेहमीच्या तपासणीत ते कळण्यासारखं नव्हतं. व्ही-वन उलटून गेलेला असतानाही कॅप्टनने ब्रेक मारले. विमान धावपट्टी सोडून पुढे घसरलं, पण ११६ च्या ११६ वाचले. कॅप्टनवर देखरेख करायला शेजारी बसलेल्या तपासनीस वैमानिकाने थांबायला विरोध केला, पण कंट्रोलना हात लावला नाही. मला तर असा हात आवरणंच जास्त अवघड वाटतं.