फाइल लॉक झाली की स्क्रिप्टमध्ये 'थांबा आणि पुन्हा करा' टाकायचं? माझा याला विरोध आहे

गिरणाकाठ (जळगाव)
आमच्या ऑफिसात बाजारभावाची, शाळांची, सराफी दुकानांची स्थिर पानं तयार होतात आणि रात्री सगळी एचटीएमएल तपासणीतून जातात. तपासणीला डब्ल्यू३सीचा (वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा) 'नू' चेकर, म्हणजे व्हीएनयूची जार फाइल, जावावर चालणारा प्रोग्राम. बॅच (सगळी पानं एकामागोमाग तपासणारं काम) मध्येच पडते आणि पडद्यावर येतं: 'ही फाइल दुसरी प्रक्रिया वापरत आहे', त्रुटी क्रमांक ३२. यावर जो तो एकच औषध सांगतो. पाच सेकंद थांबा, पुन्हा करा, दहा वेळा करा.

हे औषध मला मान्य नाही, कारण त्यानं दुखणं झाकलं जातं. ज्या स्क्रिप्ट माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यांत बहुतेक वेळा लूप असा असतो: एक पान घ्या, जावा सुरू करा, तपासा, निकाल एका सामाईक अहवालात जोडा, जावा बंद. पुढचं पान, पुन्हा जावा सुरू. हे हळू चालतं म्हणून कुणीतरी पॉवरशेल ७ (विंडोजवर स्क्रिप्ट चालवायचं साधन) मधलं समांतर फॉर-ईच लावतो, म्हणजे बरीच कामं एकाच वेळी. आकडा दिला नाही तर ते एका वेळी ५ कामं सोडतं. आता पाच जण एकाच वहीत एकदम लिहायला बसले. विंडोजमध्ये फाइल उघडणारा 'माझ्यासोबत आणखी कुणी लिहिलं तर चालेल का' हे उघडतानाच ठरवतो. नाही म्हटलं, की मागून येणाऱ्याला ३२.

म्हणजे हळूपणा आणि लॉक ही दोन दुखणी नाहीतच. जावा एकदाच सुरू करा आणि त्याला अख्खं फोल्डर द्या. फाइलींची यादी देऊ नका, कमांड प्रॉम्प्टची ओळ ८१९१ अक्षरांपुढे जात नाही. एचटीएमएल नसलेल्या फाइली वगळण्याचा पर्याय चेकरमध्येच आहे. लिहिणारा एकच उरला, की भांडणही उरत नाही. जावा उभं राहणं, स्कीमा (तपासणीचे नियम) वाचणं, हा पानागणिक होणारा खर्चही एकदाच होतो.

भुसावळ_लोको
ताई, तुमची स्क्रिप्ट सुधारली हे चांगलंच. पण फाइल धरून बसणारा दरवेळी आपलाच असतो हे मला पटत नाही. नवी फाइल लिहिली, की अँटीव्हायरस ती उघडून बघतो. सर्च इंडेक्सिंग बघतं. फोल्डर क्लाउडला जोडलेलं असेल तर सिंक करणारा प्रोग्रामही हात घालतो. हे सगळे क्षणभरात सोडून देतात. अशा ठिकाणी पुन्हा प्रयत्न करणं हाच बरोबर उपाय आहे, त्याला जुगाड म्हणू नका. नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या) जगातली ग्रेसफुल-एफएस ही फाइली हाताळणारी लायब्ररी विंडोजवर फाइलचं नाव बदलताना अडली तर थोडा वेळ पुन्हा प्रयत्न करत राहते, आणि कारण म्हणून अँटीव्हायरसकडेच बोट दाखवते. सकाळी व्यापाऱ्याचा फोन येतो तेव्हा त्याला भाव दिसायला हवेत, मूळ कारण नको असतं.

गिरणाकाठ (जळगाव)
क्षणभराच्या लॉकसाठी पुन्हा प्रयत्न, एवढं मान्य. पण मग तो नीट लिहा. फक्त ३२ आणि ३३ (फाइलचा काही भाग लॉक) या त्रुटींवर, दरवेळी थोडं जास्त थांबून, आणि वरची मर्यादा घालून. कुठलीही त्रुटी आली की पुन्हा करा असं लिहिलं, तर परवानगी नसलेल्या फाइलवरही स्क्रिप्ट डोकं आपटत बसते.

आणि धरणारा कोण ते आधी बघा ना, भाऊ! रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयूच्या टॅबमध्ये हँडल (कोणत्या प्रोग्रामनं कोणती फाइल उघडली त्याची नोंद) शोधायची चौकट आहे, तिथं फाइलचं नाव टाका. किंवा प्रोसेस एक्सप्लोरर या मायक्रोसॉफ्टच्या साधनात कंट्रोल-एफ. फाइल दुसऱ्या मशीनच्या शेअर्ड फोल्डरवर असेल तर आपल्या मशीनवर शोधून उपयोग नाही. ज्या मशीनवर फोल्डर आहे तिथं कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये उघड्या फाइलींची यादी मिळते. आमच्याकडे त्या यादीत बहुतेक वेळा एक्सेल निघालं. कुणीतरी कालचा सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारा साध्या मजकुराचा तक्ता) अहवाल बघायला उघडला आणि तसाच ठेवून घरी गेला. तिथं रात्रभर पुन्हा प्रयत्न केले तरी फाइल सुटायची नाही. अहवालाच्या नावात तारीख आणि वेळ घाला, प्रश्नच येत नाही.

यावल_केळीबाग
एवढा खटाटोप कशाला? अँटीव्हायरसमधून डी ड्राइव्ह वगळून टाका. वेगही वाढतो, लॉकही जातो.

धुळे_पांझरा
@यावल_केळीबाग, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. आपल्याकडे अजूनही गिऱ्हाईक पेन ड्राइव्हवर फोटो आणून देतात आणि ते त्याच डी ड्राइव्हवर उतरतात. वगळायचंच असेल तर स्क्रिप्ट स्वतः पानं तयार करते ते एकच फोल्डर वगळा, जिथं बाहेरची फाइल कधीच येत नाही.

माझं मत मात्र वेगळं आहे. हे काम विंडोजवर करूच नका. लिनक्सवर उघडी फाइल हलवता येते, पुसता येते, ३२ नावाचा प्रकारच नाही. जुन्या मशीनवरही चालतं.

गिरणाकाठ (जळगाव)
त्रुटी दिसत नाही, एवढंच होतं. लिनक्सवरचं लॉक मुळात सल्ल्यापुरतं असतं. जो प्रोग्राम ते विचारत नाही त्याला कुणी अडवत नाही. पाच प्रक्रिया एकाच अहवालात लिहायला लागल्या, तर एकीचं लिखाण दुसरी पुसू शकते, ओळी एकमेकींत घुसू शकतात, आणि कुणी तक्रार करत नाही. अर्धवट अहवाल बघून 'चुका नाहीत' असं समजून पानं चढवण्यापेक्षा मला ३२ परवडला. समांतर चालवायचंच तर प्रत्येकाला वेगळी फाइल द्या आणि शेवटी जोडा. हे दोन्हीकडे लागू.

चोपडा_तापी
ताई, तुम्हनं म्हननं खरं शे. यात रॅमचं पण बघा. जावा मुळात प्रत्येक प्रक्रियेला मशीनच्या रॅमच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत हीप (कामाची मेमरी) घेऊ देतं. चार जीबीच्या मशीनवर पाच जावा सोडले तर रॅम संपून डिस्कच खडखडत बसते. आम्ही चेकर सर्व्हर म्हणून चालू ठेवतो, पोर्ट ८८८८ वर, फक्त आपल्याच मशीनपुरता, आणि पानं त्याच्याकडे पाठवतो. दिवसभर एकेक पान बदलत असेल तर हे फोल्डर देण्यापेक्षा सोयीचं. डब्ल्यू३सीच्या सार्वजनिक सेवेवर मात्र बॅच सोडू नका. दोन विनंत्यांत किमान १ सेकंद थांबा असं त्यांच्याच सूचनांत आहे. घाई करणारी स्क्रिप्ट तिथं अडवली जाणारच.

अमळनेरकर
मला मूळ गृहीतकच खटकतं. सगळी पानं रोज का तपासायची? ब्राउझर बऱ्याच चुका पोटात घालतो. गिटला (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामला) विचारा कोणती पानं बदलली, तेवढीच तपासा. साचा बदलला तर त्या साच्याचं एक पान. काम मिनिटांत संपतं, आणि लॉकवर एवढा वादही होत नाही.

गिरणाकाठ (जळगाव)
बदललेलीच पानं तपासा, हे घेते. साच्याचं एकच पान, हे नाही घेणार. चुका साच्यात कमी आणि आत भरलेल्या माहितीत जास्त सापडतात. एकाच पिकाचे दोन वाण आले की दोन ओळींना एकच आयडी जातो. लिंकवर दाबलं की पान पहिल्याच ओळीवर उडी मारतं आणि शेतकरी दुसऱ्याच वाणाचा भाव वाचतो. ब्राउझर हे पोटात घालतो, म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही.

नंदुरबार_सातपुडा
अजून एक. आमचा अहवाल हजारो इशाऱ्यांनी भरायचा: मजकूर युनिकोडच्या 'सी' सामान्यीकृत रूपात (एकच अक्षर साठवायची ठरलेली एकच पद्धत) नाही. शोधलं तर प्रत्येक इशारा 'शेतकऱ्यांना' या शब्दावर! काही मजकुरात ऱ हे एकच अक्षर होतं, काहीत र आणि खाली वेगळा नुक्ता (टिंब). डोळ्यांना दोन्ही सारखे. सहकाऱ्यानं फक्त चुका दाखवण्याचा पर्याय लावला, अहवाल स्वच्छ. वेग वाढावा म्हणून चेकरचं पानाची भाषा ओळखणंही बंद केलं.

धुळे_पांझरा
मीही तेच केलं असतं. इशारा म्हणजे चूक नव्हे, आणि रोजच्या अहवालात गर्दी असली की खरी चूक त्यात हरवते.

नंदुरबार_सातपुडा
गर्दी उगमापाशी कमी करा. पान तयार करतानाच मजकूर सामान्य रूपात बदलणारी एक ओळ पायथनमध्ये लिहिता येते. तसं केलं नाही, तर अक्षर-अक्षर जुळवणाऱ्या शोधात निम्मे शेतकरी सापडत नाहीत. आणि भाषा ओळखणं बंद करू नका. इंग्रजी साच्यावरून केलेल्या पानांवर भाषेचा कोड 'इएन' तसाच राहतो, आणि अंध वाचकाचा स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी उच्चारांनी वाचू लागतो. हे चेकरनंच दाखवून दिलं. त्यात थोडा वेळ जातो, तो जाऊ द्यावा.

भुसावळ_लोको
मी फोल्डर देऊन चालवून बघतो, एक जावा, एक अहवाल. पण पुन्हा प्रयत्न करणारा भाग काढणार नाही. त्याला मर्यादा घालीन आणि शेवटचा प्रयत्न फसला की फाइल धरणाऱ्या प्रोग्रामचं नाव लॉगमध्ये लिहीन. तो अँटीव्हायरस निघाला, तर ताई, हा मुद्दा मी परत काढणार.