मदत हवी आहे: काचेला चिकटलेला जुना फोटो, आणि त्याचं साल

नमस्कार मंडळी. गावचं घर आवरताना माळ्यावर आजीचा एक फ्रेम केलेला फोटो सापडला. दादर टीटीचा. मागे ट्राम उभी, पुढे आजी नऊवारीत, डोक्यावरून पदर. शेजारी आत्या सहावारीत, पदर खांद्यावर, मनगटात घड्याळ. मायलेकींमध्ये जेमतेम वीस वर्षांचं अंतर, पण फोटोत ते कितीतरी जास्त वाटतं.

काका छातीठोकपणे सांगतात, फोटो १९५५ चा. मला पटत नाही. भिंगातून पाहिलं तर मागच्या हॉटेलच्या पाटीवर चहाचा भाव 'न. पै.' मध्ये लिहिलाय! नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला आणि मुंबईची ट्राम बंद झाली ३१ मार्च १९६४ ला. म्हणजे फोटो त्या सात वर्षांतलाच. (काकांना अजून सांगितलेलं नाही.) याहून नेमकं साल कसं काढता येईल? ट्रामवरची जाहिरात, आत्याच्या ब्लाउजच्या बाह्या, कशावरून अंदाज बांधता?

दुसरं जास्त घाईचं. ओल लागून फोटो काचेला चिकटलाय, तोही नेमका आत्याच्या चेहऱ्याशी. असाच आणखी एक फोटो स्टुडिओवाल्याने ओढून काढला, तर वरचा थर काचेवरच राहिला. म्हणून हा काचेसकट ६०० डीपीआयवर स्कॅन केलाय, पण काचेची चकाकी येते. असा फोटो नीट सोडवून देणारं पुण्या-मुंबईत कोणी माहीत आहे का? साधारण खर्चही सांगा.