श्रीमंत वस्त्यांत मतदान कमी आणि गरिबांच्या रांगा, असं का?

चाळकरी_07:
नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला आमच्या मुंबईत कुलाब्यात जेमतेम 44 टक्के मतदान झालं, गडचिरोली जिल्ह्यात 70 च्या वर. तिथे नक्षलग्रस्त भाग म्हणून मतदान दुपारी 3 लाच बंद, तरी लोक जंगलातून चालत जातात. शिकलेल्या, पैसेवाल्यांना एवढं काय जड जातं? मला खरंच समजून घ्यायचंय.

गोवंडीकर:
दादा, त्यांचं मतावाचून अडत नाही. पाणी गेलं तर टँकर मागवतात, पोरं प्रायव्हेट शाळेत. आमच्या गल्लीत गटार तुंबलं की आमदाराच्या ऑफिसलाच जावं लागतं आणि तिथे पहिलं विचारतात, तुमच्याकडून मतं किती पडली. माझी आई धुणीभांडी करते, त्या दिवशी सकाळी साडेसहाला ठेवणीतली साडी नेसून रांगेत, आणि जिच्याकडे काम करते ती मॅडम तिच्या मागे उभी. आई आठवडाभर तेच सांगत होती.

पाटोद्याचा:
गरीब मत देतात म्हणता, पण सगळ्यांना देता तरी येतं का? त्याच निवडणुकीत ऊस गाळप 15 नोव्हेंबरला सुरू आणि मतदान 20 ला. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, गाडी आली की कोयता घेऊन बसायचं, मग नाव बीडच्या यादीत आणि माणूस कोल्हापूर नाहीतर कर्नाटकच्या फडात. मतदानाची पगारी सुट्टी कायद्याने रोजंदारीवाल्यालाही आहे हो, पण तोड थांबवून गावी जायचं भाडं कोण देणार? बाहेरगावी राहून मत देता यावं म्हणून आयोगाने डिसेंबर 2022 ला मशीन जाहीर केलं होतं, ते अजून काय वापरात आलं नाही. आमच्या शेजारी सात मतं आहेत, मत द्यायला गेली एकटी म्हातारी.

सावित्रीची_लेक:
मत देणं वेगळं आणि कारभारात बसणं वेगळं. आमदारकीचं डिपॉझिट 10 हजार (अनुसूचित जाती-जमातीला 5 हजार), खर्चाची मर्यादा 40 लाख, आमच्यातलं कोण उभं राहणार. मी राखीव जागेवरून एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते. ग्रामसभा सकाळी 11 ला, तेव्हा आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया खुरपायला गेलेल्या, मग संध्याकाळी शिपाई वही घेऊन घरोघरी अंगठे घ्यायला यायचा. सभा रात्री घ्या म्हणून दोनदा अर्ज दिला, भांडले, तेव्हा एकदाच 7 वाजता घेतली. त्या दिवशी बाया दारापर्यंत उभ्या होत्या आणि रेशनचा विषय पहिल्यांदा निघाला.