फंडाचे पैसे घेतले की तो माणूस रोजच्या कामात किती डोकं घालतो?

चाळवाला_निफाड

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात मी आणि माझा मावसभाऊ कांदाचाळीसाठी सेन्सर बनवतो. चाळीतलं तापमान, दमटपणा आणि सडायला लागलेल्या कांद्याचा वायू पकडून मोबाइलवर मेसेज जातो, की अमुक कप्पा आधी उपसा. चार वर्षं झाली, नऊ माणसं आहेत. गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी उत्पादक कंपन्या आणि लासलगाव-पिंपळगावचे व्यापारी.

आता बेंगळुरूच्या एका गुंतवणूक फंडाची टर्म शीट, म्हणजे अटींचा मसुदा, आली आहे. ६ कोटी, त्याबदल्यात कंपनीत २० टक्के वाटा, बोर्डावर त्यांचा एक माणूस. कागद वकील बघतोय. मला कागदाबाहेरचं विचारायचंय. हा माणूस रोज फोन करणार का? महिना वाईट गेला तर कधी सांगायचं, किती सांगायचं? आमचा सगळा धंदा फेब्रुवारी ते मे, पावसाळ्यात शुकशुकाट. २०२३ च्या डिसेंबरात निर्यातबंदी आली तेव्हा दोन आठवड्यांत आमची अर्धी बुकिंगं रद्द झाली होती. तसं पुन्हा झालं तर आम्हालाच बाहेर काढतील का?

वडील रोज एकच विचारतात, "म्हणजे तू आता नोकरीला लागलास का रे?" मला उत्तर देता येत नाही.

स्वतःच्या_पायावर

घेऊ नका. भोसरीत बारा वर्षं पॅकिंग मशीनचं वर्कशॉप चालवतोय, कोणाला एक टक्का दिलेला नाही. बँकेची सीसी आहे, म्हणजे माल तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज. मॅनेजर वर्षातून एकदा येतो, स्टॉक बघतो, चहा पितो, जातो. बोर्ड-बिर्ड काही नाही. ६ कोटी ऐकायला बरे वाटतात, झोप किती जाते ते नंतर कळतं.

सांगलीला_परत

भोसरीवाल्यांचं त्यांच्या धंद्यापुरतं अगदी बरोबर आहे. पण सीसीला तारण लागतं, आणि सॉफ्टवेअर नि चार वर्षांचा डेटा बँक तारण धरत नाही.

मी अकरा वर्षं पैसे देणाऱ्यांत होते, मुंबईत, दोन फंडांत. आता सोडलंय, म्हणून मोकळेपणी लिहिते.

आधी वडिलांचा प्रश्न, कारण तोच सगळ्यांत चांगला आहे. त्यांना सांगा, नोकरी नाही, भागीदारी आहे. पण या भागीदाराला ठरलेल्या मुदतीत आपला वाटा विकून निघायचंच आहे. तो दुष्ट असतो म्हणून नव्हे. त्याच्याकडचे पैसेही त्याचे नसतात. विमा कंपन्या, श्रीमंत कुटुंबं, सिडबीसारख्या संस्था फंडात पैसे घालतात आणि साधारण दहा वर्षांत परत मागतात. फंड चालवणाऱ्याला वर्षाला दोनेक टक्के फी मिळते, पण त्याची खरी कमाई नफ्यातल्या वीसेक टक्क्यांत, आणि तो नफा वाटा विकल्यावरच दिसतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, "तुमचा हा फंड कितव्या वर्षात आहे?" दुसऱ्या-तिसऱ्यात असेल तर त्याला तुमचे दोन वाईट हंगाम सोसतील. सातव्यात असेल तर कितीही गोड बोलला तरी तिसऱ्या बोर्ड मीटिंगला "कोणी विकत घेणारं आहे का" हा विषय निघणार. लगेच दुसरं विचारा, पुढच्या राउंडसाठी, म्हणजे पुन्हा पैसे उभारायची वेळ येईल तेव्हासाठी, आमच्या नावाने किती राखून ठेवलंय.

रोज फोन? नाही हो. माझ्याकडे एका वेळी आठ कंपन्या होत्या. पहिले तीन महिने आठवड्याला एक फोन, मग पंधरा दिवसांनी, महिन्याच्या दहा तारखेपर्यंत आकडे, तीन महिन्यांनी बोर्ड. त्रास होतो तो उलट्या बाजूने. आमच्या पहिल्या फंडात २२ कंपन्या होत्या आणि सगळ्यांचे पैसे परत आणले ते तिघींनी. हे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दिसायला लागतं, आणि मग वेळ त्या तिघींकडेच जातो. एक कंपनी होती, वर्षाला वीस-पंचवीस टक्के वाढणारी, कर्ज नाही, भानगड नाही. कोणाच्याही मामाला अभिमान वाटावा अशी. त्या मुलीचा फोन मी दोन-दोन दिवसांनी उचलायचे. आता लाज वाटते, पण तसंच झालं.

माझी एक चूक सविस्तर सांगते, कारण ती तुमच्याही वाट्याला येऊ शकते. इचलकरंजीचा एक फाउंडर, सूतव्यापाऱ्यांसाठी उधारीचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर. पहिल्या वर्षात विक्री मंदावली. मी म्हटलं, मोठ्या कंपनीतला सेल्स हेड घे, माझ्या ओळखीचा आहे. ६० लाखांचा माणूस आला. त्याला प्रेझेंटेशन उत्तम यायचं. पण सूतव्यापारी गादीवर बसून, तीन चहा झाल्यावर, "बघू पुढच्या सोमवारी" म्हणतो आणि पुढच्या सोमवारी पुन्हा जावं लागतं. हा गृहस्थ दुसऱ्या सोमवारी जायचाच नाही, ईमेल करायचा. आठ महिने गेले. नंतर फाउंडर म्हणाला, "मॅडम, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण तुम्ही सुचवलेला, आणि पैसे तुमचे." मी सल्ला दिला होता, त्याने तो हुकूम समजला. त्यानंतर मी कोणतीही सूचना केली की त्याच ईमेलमध्ये लिहायचे, हे पटत नसेल तर का पटत नाही ते चार ओळींत कळव. ज्याने एकदाही कळवलं नाही त्याची मला जास्त काळजी वाटायची. तुमच्या माणसाला विचारा, शेवटचं कोणत्या फाउंडरने तुमचं ऐकलं नाही आणि मग काय झालं. गोष्ट लगेच आठवली तर चांगलं.

वाईट बातमी फोनवर सांगा, बोर्डाच्या आधी. एका मीटिंगमध्ये मला स्लाइड १४ वर कळलं की कंपनीच्या खात्यात ४० दिवसांचे पैसे उरलेत. स्लाइड १ ते १३ वर नवीन लोगो आणि एक पुरस्कार होता. चार महिने आधी कळलं असतं तर काही जमवता आलं असतं. फंडाच्या समितीकडे जायचं, कागद करायचे, आठ आठवडे सहज जातात. ४० दिवसांत काय होणार? शेवटी गिऱ्हाइकांची यादी एका स्पर्धकाला विकून मुलांचे पगार भागवले.

तुमच्या हंगामाचं सही करायच्या आधीच मिटवा. चार वर्षांची महिनावार विक्री काढा आणि जुलै शेजारी जुलै लावा, जुलै शेजारी जून नको. नाहीतर बेंगळुरूत बसलेल्या ॲनालिस्टच्या एक्सेलमध्ये तुम्ही दर पावसाळ्यात बुडताना दिसाल. त्याच कागदावर निर्यातीच्या तारखा टाका. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क, डिसेंबरात बंदी, मे २०२४ ला बंदी उठली पण शुल्क राहिलं, एप्रिल २०२५ ला तेही गेलं. प्रत्येक तारखेला बुकिंग किती हललं ते लिहा. पुढची बंदी आली की कोणी म्हणणार नाही, तुम्ही सांगितलं नव्हतं.

बाहेर काढण्याबद्दल: नुसत्या २० टक्क्यांवर तुम्हाला कोणी काढत नाही. पण तुमच्या स्वतःच्या शेअरवर व्हेस्टिंग (शेअर काही वर्षांत थोडे थोडे तुमचे होण्याची अट) लावलंय का, आणि कोणत्या कारणाने गेलात तर ते परत घेता येतात, हे वकिलाकडून शब्द न् शब्द समजून घ्या.

शेवटचं. ते चांगल्या चाललेल्या फाउंडरांचे नंबर आपणहून देतील. तुम्ही बंद पडलेल्या दोघांचे मागा. आणि त्या माणसाला ऑफिसात न भेटता एकदा चाळीत न्या. तिथे तो कोणाशी बोलतो ते बघा.

सीए_संगमनेर

सांगलीच्या ताईंनी मन लावून लिहिलंय, मी फक्त आकडे.

६ कोटींना २० टक्के म्हणजे पैसे आल्यावरची किंमत ३० कोटी, आधीची २४. आता टर्म शीटमध्ये इसॉप पूल शोधा, म्हणजे कर्मचाऱ्यांना द्यायला बाजूला ठेवलेले शेअर. १० टक्के पूल पैसे येण्याआधी तयार करायचा असं लिहिलं असेल तर तो सगळा तुमच्या दोघांच्या वाट्यातून जातो. तुमच्याकडे ७० टक्के उरले, म्हणजे २१ कोटी. ३ कोटी कुठे गेले, ते हे.

शेअर सीसीपीएस असतील, म्हणजे सक्तीने रूपांतर होणारे प्राधान्य शेअर. कंपनी उद्या १० कोटींना विकली तर त्यांचे ६ आधी, उरलेले ४ तुमच्या बाजूला. "पार्टिसिपेटिंग" शब्द असेल तर त्या ४ मधलेही २० टक्के त्यांचे. त्या एका शब्दाला ८० लाख.

आणि पैसे वेगळ्या बँक खात्यात येतील. शेअर देऊन पीएएस-३ (शेअर दिल्याचा सरकारकडे भरायचा फॉर्म) भरेपर्यंत त्यातला रुपया वापरायचा नाही. मुलं दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणतात, मग माझ्याकडे येतात.

चाळवाला_निफाड

सगळ्यांचे आभार. ताई, विचारलं. फंड तिसऱ्या वर्षात आहे. पूल १२ टक्के निघाला, तोही आमच्याच वाट्यातून. ८ वर आणायला तयार झालेत.

बंद पडलेल्यांचे नंबर मागितल्यावर फोनवर थोडी शांतता झाली, पण संध्याकाळी एक आला. तासभर बोललो. तो म्हणाला, कंपनी मिटवायला सात महिने लागले, त्यात हा माणूस दोनदा येऊन कामगारांसमोर बसला, दोघांना दुसरीकडे चिकटवलं. पण त्याआधीचं वर्षभर माझ्या मेलला एका ओळीची उत्तरं यायची. दोन्ही खरं आहे, तुझं तू ठरव, म्हणाला.

न ऐकलेल्या फाउंडरची गोष्ट त्याला लगेच आठवली. जरा जास्तच लगेच, असं मावसभावाचं मत.

पुढच्या आठवड्यात येतोय. वडील म्हणाले, येऊ दे, पण दुपारी दोनला आण, पत्र्याखाली काय असतं ते कळू दे.

सांगलीला_परत

दोनला नेलंत तर पाणी बरोबर ठेवा. आणि तुमच्या वडिलांना त्याच्याशी बोलू द्या, तुम्ही मध्ये भाषांतर करू नका. हिंदीत कसंबसं जमेल दोघांचं.