राजगडावरून तोरणा मोठा कसा दिसेल?

भटक्या_पुणेकर: संजीवनी माचीवर मित्राला उभं करून मागे तोरणा असा फोटो काढला, कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स १८-५५ मिमी, १८ वर (सगळ्यात रुंद). डोळ्यांना तोरणा केवढा वाटतो आणि फोटोत नुसतं टेकाड! ५५-२५० ची लांब पल्ल्याची लेन्स घेऊ की फुल फ्रेमच (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) लागेल?

काळी_काच: फुल फ्रेम नको, पैसे वाचव. खेळ सगळा अंतराचा असतो रे, मित्र ३ मीटरवर होता ना, आता त्याच्यापासून ३० मीटरवर जा आणि ५५-२५० वर १८० लाव, तो फ्रेममध्ये तेवढाच राहील पण तोरणा जवळजवळ दहापट, कारण तो काही किलोमीटरवर आहे, तू थोडा मागे सरकलास तर त्याला काय फरक पडतो.

सह्यवेडी: म्हणजे टेली (लांब पल्ल्याची) लेन्स अंतर दाबते, मागचं पुढच्याला चिकटल्यासारखं दिसतं म्हणतात ते हेच का?

काळी_काच: हो, पण दाबतं ते आपलं मागे जाणं. पटत नसेल तर तिथूनच १८ वर काढ आणि मधला भाग क्रॉप कर, मित्र-तोरणा प्रमाण सेम, फक्त पिक्सेल उरणार नाहीत. पोर्ट्रेटमध्ये नाक फुगतं तेही जवळ गेल्यामुळेच.

ट्रेकर_आबा: फोकसचं कोणी बोललंच नाही. १८० ला ३० मीटरवर फोकस केलंत तर एफ ११ ला (लेन्सचं छिद्र बारीक करून) पण तोरणा मऊच, म्हणजे अस्पष्ट येणार. मित्राला शंभरेक मीटरवर पाठवा, एफ १६ (छिद्र आणखी बारीक) ठेवा, तो छोटा दिसेल पण दोघं बऱ्यापैकी शार्प. दुपारच्या धुरकट हवेत टेली बाहेर काढूच नका, पाऊस उघडल्यावर सकाळी जा. आणि माचीवर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे मागे चालू नका राव, खाली कडा आहे.